नाशिकच्या टूरवाल्यांना खुलं पत्र: जहाज दाखवताय तर पूर्ण दाखवा

प्रति,
नाशिकमधले सगळे टूर संचालक, ट्रॅव्हल एजंट आणि क्रूझचं बुकिंग घेणारे दादा-ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एकासाठी नाहीये, तुम्हा सगळ्यांसाठी आहे. कॉलेज रोड, शरणपूर रोड, सिडको, नाशिकरोड, कुठेही गेलं तरी तुमच्या ऑफिसच्या काचेवर आता युरोप-दुबईच्या शेजारी एक पांढरंशुभ्र जहाज असतंच, आणि लोक आत येऊन चौकशीही करतात. मला याचं खरंच बरं वाटतं. गुडघे दुखणाऱ्या, बसमध्ये रोज आठ तास बसू न शकणाऱ्या माणसासाठी क्रूझसारखी दुसरी ट्रिप नाही असं माझं पक्कं मत आहे. बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलायचं नाही, आणि सकाळी उठलं की खिडकीबाहेर नवीन गाव. म्हणजे मी क्रूझच्या विरोधात बोलत नाहीये हे आधीच सांगते, उलट लोकांनी जावं म्हणूनच हे लिहितेय.

तर मुद्दा असा. कंपनीवाले तुम्हाला फॅम ट्रिपला, म्हणजे एजंटांना जहाज दाखवायच्या सहलीला, बोलावतात, तुम्ही जहाज आतून बघून येता, आणि मग आमच्या ग्रुपवर फोटो-व्हिडिओ येतात. स्विमिंग पूल, बुफे, थिएटरमधला शो, मधला तो काचेच्या लिफ्टवाला मोठा हॉल आणि शेवटी डेकवरचा सूर्यास्त. हे सगळं असतं, खोटं काहीच नाही. पण हे तर कंपनीच्या पुस्तिकेतही असतं ना. तुम्ही स्वतः जाऊन आलात त्याचा आम्हाला फायदा काय झाला मग? तुमच्याकडून आम्हाला जहाजाचं खरं परीक्षण हवंय, लेखी, मराठीत, आणि ज्या माणसाला तुम्ही ते तिकीट विकणार आहात त्याच्या नजरेतून. कारण हॉटेल आवडलं नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी बदलू तरी शकतो, जहाजात एकदा चढलं की तीन रात्री असोत नाहीतर सात, तीच केबिन, तीच गादी आणि तेच बाथरूम.

आणि तुमचा गिऱ्हाईक कोण आहे ते जरा डोळ्यांसमोर आणा. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले काका, एचएएल किंवा मिको कंपनीतून बाहेर पडलेले, शाळेतल्या बाई, भिशीचे पैसे जमवून निघालेल्या मैत्रिणी. एफडी मोडून आयुष्यात पहिल्यांदा जहाजात बसणारी माणसं आहेत ही. त्यांना काय विचारायचं हेसुद्धा माहीत नसतं, त्यामुळे ते विचारत नाहीत, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून तुम्ही सांगत नाही.

केबिनपासून सुरुवात करते कारण सगळ्यात जास्त निराशा तिथेच होते. फोटोत नेहमी बाल्कनीवाली केबिन असते आणि बजेटमध्ये बसते म्हणून विकली जाते ती आतली, बिनखिडकीची. आतली केबिन वाईट असते असं मी म्हणत नाही, झोपायलाच जायचं असेल तर चालते की, पण ती साधारण दीडशे स्क्वेअर फुटाच्या आसपास असते आणि दिवा बंद केला की दिवस का रात्र काही कळत नाही, हे आधी सांगायला हवं ना. खिडकीवाली म्हणून दिलेल्या केबिनसमोर लाइफबोट टांगलेली असू शकते आणि मग समुद्राऐवजी नारिंगी बोटच दिसते. 'गॅरंटी' केबिन म्हणजे नंबर कंपनी ठरवणार, तुम्हाला निवड नाही, ती थिएटरच्या वर येईल नाहीतर पूल डेकच्या खाली, म्हणजे रात्री उशिरापर्यंत दणदणाट आणि पहाटेपासून डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज. तुम्हाला हे सगळं माहीत असतं. डेकचा नकाशा समोर ठेवून पाच मिनिटं बोललात तरी पुरे आहे.

चौघांच्या शेअरिंगचं तर फारच मनाला लागलंय माझ्या. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका-काकू, दोघंही सत्तरीच्या पुढचे, नातेवाइकांबरोबर चौघांच्या केबिनमध्ये बुक केले गेले कारण माणशी रेट कमी पडत होता. आत गेल्यावर कळलं की तिसरा आणि चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली ओढतात आणि शिडीने चढायचं असतं. काकूंनी आणि त्यांच्या जावेने खाली झोपायचं ठरवलं आणि काका रोज रात्री शिडी चढले, रात्री दोनदा बाथरूमला उठणारा माणूस. बुकिंग करणाऱ्याने ती केबिन स्वतः बघितलेली होती. त्याने मुद्दाम फसवलं असं मला म्हणायचं नाही, त्याच्या मनातच आलं नसेल, पण ते मनात येणं हेच तुमचं काम आहे असं मला कळकळीने वाटतं. बाथरूमच्या दाराशी बऱ्याच जहाजांत उंच उंबरा असतो, शॉवरची जागा एवढीशी असते, धरायला कठडा आहे का नाही, हे फोटोत कधीच येत नाही.

आता जहाज किती भरलेलं वाटेल हे कसं सांगायचं, तर त्याचा एक सोपा हिशोब आहे आणि तो तुम्हाला येत असणार. जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप असतं ते, आणि त्याला प्रवाशांच्या आकड्याने भागलं की माणशी किती जागा याचा अंदाज येतो. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज साधारण 48,500 टनांचं आहे, केबिनमागे दोघं धरली तर 1,600 च्या आसपास प्रवासी, म्हणजे आकडा येतो 30. रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज, 2024 साली सुरू झालेलं, ते 2,48,663 टनांचं आणि दोघं-दोघं धरून 5,610 प्रवासी, म्हणजे 44 च्या वर. आपल्याकडे सुट्टीत एकेका केबिनमध्ये तीन-चार जण घालतात तेव्हा हा आकडा आणखी खाली येतो, आणि मग बुफेची रांग, लिफ्टची रांग, डेकवर बसायला खुर्ची न मिळणं हे सगळं ओघाने आलंच. एम्प्रेस 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज आहे, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, 2021 पासून कॉर्डेलिया म्हणून आपल्याकडे चालतं. जुनं म्हणजे वाईट असं अजिबात नाही, आणि छोट्या जहाजात चालणं कमी लागतं, माणूस हरवत नाही, ज्येष्ठांना उलट बरं पडतं. पण ज्याने फोनवर आयकॉनचे व्हिडिओ बघून मनात चित्र तयार केलंय त्याला मुंबई-गोव्याचं तिकीट देताना हा फरक समजावून सांगा एवढंच म्हणणं आहे.

पैशांचं पण स्पष्ट बोलूया. परदेशी जहाजांवर भाड्याव्यतिरिक्त माणशी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, लागते, मोठ्या अमेरिकन कंपन्यांत साध्या केबिनला ती आता दिवसाला 18 डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे नवरा-बायकोचे सात रात्रींचे अडीचशे डॉलर झाले. वर पेयं वेगळी, काही रेस्टॉरंटं वेगळी, वायफाय वेगळं, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. हे सगळं केबिनच्या खात्यावर चढत जातं आणि शेवटच्या रात्री बिल समोर येतं. त्यातला एक प्रकार तर कुणीच सांगत नाही, मोबाईल फ्लाइट मोडवर नसेल तर तो जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल वेगळंच येतं. कोटेशनमध्ये 'जहाजावर साधारण एवढा खर्च येईल' अशी एक ओळ टाका ना, पन्नास-शंभर डॉलर इकडेतिकडे झाले तरी कुणी भांडायला येणार नाही.

बंदरांच्या नावांबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. तुमच्या पत्रकात लिहिलेलं असतं रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस. जहाज जिथे लागतं ते गाव चिव्हितावेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, तेही तेवढंच लांब. पॅरिससाठी ले हाव्र, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर, नाशिकहून मुंबईला जाण्यापेक्षा जास्त. क्वालालंपूर म्हणून पोर्ट क्लांगला उतरवतात, तिथून शहरात जायला तासभर तरी धराच. आपल्या गोव्याचंही तेच, जहाज मुरगावला लागतं आणि लोकांच्या डोक्यात असतं कळंगुट. आता जहाज सकाळी आठला लागलं, उतरायला नऊ-साडेनऊ, संध्याकाळी सुटायच्या तासभर आधी परत आत, यातून येण्याजाण्याचा वेळ वजा केला तर त्या गावात उरतात तीन-चार तास. ज्याला आयुष्यात एकदाच रोम बघायचंय त्याला हे माहीत असेल तर तो म्हणेल की मला आधी दोन रात्री रोममध्ये ठेवा आणि मग जहाजात बसवा. तो निर्णय त्याला घेऊ द्या. आणि स्वतःची टॅक्सी करून गेलं आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर ते सांभाळून घेतात, हासुद्धा फरक सांगायला हवा.

शिवाय काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. लक्षद्वीपला बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून नेतात, फुकेतलाही मोठी जहाजं बऱ्याचदा पातोंगच्या खाडीत उभी राहतात. त्या छोट्या बोटीत पाऊल टाकताना मधे पाणी हलत असतं, काठी घेऊन चालणाऱ्याला ते अवघड जातं, व्हीलचेअरवाल्याला कधीकधी उतरूच देत नाहीत, आणि समुद्र खवळला तर ते ठिकाणच रद्द होतं. पत्रकात त्या बंदराच्या नावापुढे 'छोट्या बोटीने उतरायचे' एवढे तीन शब्द लिहायला काय हरकत आहे?

बोट लागण्याबद्दल तुम्ही सगळे एकच उत्तर देता, मोठ्या जहाजात काही जाणवत नाही. बहुतेक वेळा नाही जाणवत, खरंय, बाजूला पंखासारखे स्टॅबिलायझर असतात त्यांनी डोलणं कमी होतं. पण ज्याला आपल्या कसारा घाटात मळमळतं त्याला पुढच्या टोकाची, वरच्या डेकवरची केबिन देऊ नका, मधली आणि खालची द्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी असते. आणि आपल्या बाजूचा समुद्र जून ते सप्टेंबर कसा असतो हे सांगायची गरज नाही, त्याच्या आगेमागे प्रवास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा असं आपणहून सांगा.

जेवणाची काळजी लोक जेवढी करतात तेवढी करायची गरज नसते. मुंबई आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर आपलं शाकाहारी, जैन मिळतं, युरोपात आधी कळवून ठेवावं लागतं. उपवासवाल्यांनी फळं-दूध-दही यावर भागवायची तयारी ठेवावी. पण एक नक्की सांगा की इलेक्ट्रिक किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही, बॅग तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात, उदबत्ती-निरांजनही चालत नाही कारण आगीची भीती. सकाळी उठल्या उठल्या केबिनमध्ये स्वतःचा चहा करून प्यायची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट फार जड जाते, आधी कळली तर तो मनाची तयारी करून जातो.

औषधांचं मात्र खूप महत्त्वाचं आहे. बंदरावर मोठ्या बॅगा घेतात त्या केबिनमध्ये कधीकधी संध्याकाळी पोचतात, म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन हातातल्या पिशवीत हवं. शेवटच्या रात्री परत बॅगा बाहेर ठेवायला सांगतात तेव्हाही तेच. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण बिल डॉलरमध्ये आणि तेही भरपूर, आपला नेहमीचा मेडिक्लेम तिथे बहुधा चालत नाही, तर प्रवासाचा विमा काढताना त्यात क्रूझ आणि मधूनच हॉस्पिटलला हलवायचा खर्च धरलाय का ते तुम्ही वाचून सांगा. गिऱ्हाईक ती बारीक अक्षरं वाचत नाही आणि साठीनंतर त्याला ती दिसतही नाहीत.

सुरक्षेच्या ड्रिलचा, म्हणजे संकटात काय करायचं त्या सरावाचा, लोक कंटाळा करतात, आणि काही टूर मॅनेजरही 'चला लवकर आटपू' म्हणतात हे मी स्वतः ऐकलंय. 13 जानेवारी 2012 ला इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटलं आणि 32 माणसं गेली. त्याच दिवशी चिव्हितावेक्कियाला चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लिफ्ट वापरायची नाही. आता बऱ्याच जहाजांवर ते फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघून करायचं असतं, इंग्रजीत, आणि आपल्या काकू तो व्हिडिओ नुसता सुरू करून ठेवतात. तुमच्या मॅनेजरने ग्रुपला घेऊन त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जावं आणि मराठीत समजावून सांगावं, पंधरा मिनिटांचं काम आहे.

अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था तपासणी करते, स्वयंपाकघर, पाणी, पूल सगळ्याची, 100 पैकी मार्क देते आणि 85 किंवा त्याखाली आलं तर नापास. ते रिपोर्ट कुणालाही बघता येतात, तर अलास्का-कॅरिबियन विकणाऱ्यांनी ते बघून जहाजाचे मार्क सांगावेत. आणि जुलाब-उलट्यांचा जो नोरोव्हायरस जहाजांवर पसरतो त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबणाने हात धुवावे लागतात. बुफेला जाताना दाराशी वॉश बेसिन आहे का, ही परीक्षणात लिहिण्यासारखीच गोष्ट आहे.

नाशिकहून बंदरापर्यंतचा प्रवास तुमच्यापैकी बरेच जण गिऱ्हाईकावरच सोडून देता. मुंबईत जहाज जिथून सुटतं ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून अगदी जवळ आहे, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर अकराच्या सुमारास माणूस तिथे पोचतो, आणि नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं 2025 च्या सप्टेंबरमध्ये उद्घाटन झालंय. पण गाडी लेट झाली, घाटात ट्रक बंद पडला, समृद्धीवरून झपकन आलो आणि पुढे ठाण्यात अडकलो, तर काय? चेक-इन जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी बंद होतं. परदेशातून जहाज पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच त्या गावात पोचायला हवं, त्याच दिवशीचं विमान देऊन हॉटेलची एक रात्र वाचवायचा प्रकार कृपया बंद करा. व्हिसाचं पण बघा, जहाज मधेच शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर, टर्कीला वगैरे जाऊन परत येत असेल तर मल्टिपल एंट्री लागते.

मग माझी मागणी एवढीच की पुढच्या वेळी जहाज बघायला जाल तेव्हा खिशात एक टेप घेऊन जा. आतली केबिन उघडून दाखवा म्हणा, चौघांची पण दाखवा म्हणा, उंबरा मोजा, पलंगाखाली बॅग जाते का बघा. केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत लिफ्ट न वापरता एकदा चाला. रात्री अकराला केबिनमध्ये शांत बसून कुठून काय ऐकू येतं ते ऐका. कॅसिनोच्या बाजूने जाताना सिगारेटचा वास येतो का, गाणी किती मोठ्याने लावतात, सकाळी सहाला चहा कुठे मिळतो, हे लिहून काढा. कर्मचारी किती आपुलकीने वागतात तेही लिहा, कारण माझ्या अनुभवात जहाजावरची माणसं फार मनापासून काम करतात आणि त्यांचं कौतुक कुठेच होत नाही. जे चांगलं ते चांगलं लिहा, जे बरं नाही ते बरं नाही लिहा, आणि तो कागद पावतीबरोबर हातात द्या. कंपनी नाराज होईल ही भीती मला समजते, कमिशन त्यांच्याकडून येतं. पण नाशिक अजून एवढं मोठं नाही झालेलं, एका काकूंचा अनुभव अख्ख्या जॉगिंग ट्रॅकला दुसऱ्या दिवशी माहीत असतो, चांगला असो वा वाईट.

आणि फॅम ट्रिपला एखादी जागा रिकामी राहत असेल तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या कुणाला तरी बरोबर न्या. सत्तरीच्या पुढचं, काठी घेऊन चालणारं, डायबिटीसवालं कुणीही चालेल. भाडं आम्ही वर्गणी काढून भरू. ती व्यक्ती परत आली की संघाच्या महिन्याच्या बैठकीत तुमच्यासमोरच सगळं सांगेल, आणि त्याच बैठकीत बुकिंग घ्यायलाही तुम्ही खुशाल फॉर्म घेऊन या.

आपली नम्र,
इंदिरानगरची एक रहिवासी, नाशिक